सात दिवसांचं शिबिर की साठ तासांचा प्रकल्प?

जून महिना आला की विभागाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी कोण होणार? आणि नव्या अभ्यासक्रमातला दोन क्रेडिटचा सीईपी, म्हणजे विद्यार्थ्यांनी एखाद्या समाजघटकासोबत करायचा प्रकल्प, कोण घेणार? दोन्ही एकाच प्राध्यापकाने नीट करणं जवळजवळ अशक्य, कारण दोन्हींचा जोर डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात येतो. मुलांनी पुस्तकाबाहेरचं जग बघावं आणि ते बघताना स्वतःही थोडं बदलावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना यातलं एक निवडावं लागतं. ही तुलना त्यांच्यासाठी आहे.

दोन्हींची मूळ माहिती तुम्हाला आहे असं धरून चालतो, त्यामुळे उजळणी थोडक्यात. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. शंभर स्वयंसेवकांचं एक युनिट, वर्षाला १२० तासांचं काम आणि युनिटमधल्या निम्म्या मुलांना घेऊन दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा सांगाडा. सीईपी त्यामानाने अगदी नवा. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, त्याबरोबर तो आला. प्रत्यक्ष क्षेत्रातल्या कामाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणून दोन क्रेडिटचे ६० तास. एनएसएसलाही आता सहशालेय विषय म्हणून क्रेडिट मिळतात, तेव्हा 'क्रेडिट आहेत म्हणून सीईपी घ्या' या युक्तिवादात फारसा दम उरलेला नाही. प्रश्न एवढाच की मुलांमध्ये खरा फरक कशाने पडतो.

आधी शिबिराच्या बाजूने बोलतो, कारण तिथे बोलण्यासारखं खूप आहे.

शिबिराची खरी ताकद सहवासात आहे. पन्नास मुलं-मुली सात दिवस झेडपीच्या शाळेत राहतात. भांडी घासायची पाळी, पाणी भरायची पाळी, संडास धुवायची पाळी सगळ्यांना येते. वर्षभर एकमेकांचं नावही माहीत नसलेले कॉमर्सचा मुलगा आणि केमिस्ट्रीची मुलगी एका गटात कांदे चिरत बसतात. जातीच्या, पैशाच्या, शहर-खेड्याच्या ज्या भिंती वर्गात बाकांच्या रांगांमधून स्पष्ट दिसतात, त्या पंगतीत बऱ्याच पातळ होतात. घराबाहेर एक रात्रही न काढलेल्या मुलीला या सात दिवसांत जो धीर येतो, तो सेमिस्टरभर दर आठवड्याला कुठेतरी जाऊन येण्याने येत नाही. हे निखालस मान्य करायला हवं.

हा सहवास नीट घडायचा तर तयारी मात्र काटेकोर लागते. ग्रामपंचायतीचा ठराव, पालकांची संमतिपत्रं, प्रत्येकाच्या औषधांची आणि ॲलर्जीची नोंद, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी आधी बोलणं, सोबत किमान एक महिला प्राध्यापक, या गोष्टी सगळेच करतात. राहून जातं ते शाळेच्या वेळापत्रकाचं. शिबिराच्या काळात शाळा चालू असते, त्यामुळे रोज सकाळी शाळा भरण्याआधी अंथरुणं गुंडाळून एका खोलीत रचावी लागतात. हे मुख्याध्यापकांशी आधी ठरलं नाही तर दुसऱ्याच दिवशी कुरबूर सुरू होते. गाव निवडताना माझी एक अट असते: पंचवीस मुलींमागे चालू स्थितीतले किमान दोन संडास आणि आतून कडी लागणारी एक न्हाणी. चालू स्थितीतले म्हणजे तुम्ही स्वतः बादलीभर पाणी ओतून पाहिलेले. स्वयंपाकाचा अंदाज पन्नास जणांना एका वेळी पाच-सहा किलो तांदूळ आणि अडीच-तीन किलो डाळ असा धरा. श्रमदानाच्या दुसऱ्या दिवशी भूक वाढते, तेव्हा भाकरीचं पीठ जास्तीचं ठेवा. दरडोई अनुदानात सात दिवसांचं जेवण भागत नाही. उरलेला शिधा गावातून आणि ओळखीच्या लोकांकडून जमवावा लागतो. हा शिधा लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

श्रमदानात काय करायचं हा निर्णयही बहुतेक ठिकाणी सवयीने होतो आणि तिथेच मुलांचा उत्साह वाया जातो. वनराई बंधारा घालायचा तर ओढा वाहता हवा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. परीक्षा आटोपून शिबिर लागतं डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत. दुष्काळी पट्ट्यात तोवर ओढा आटलेला असतो आणि मातीने भरलेली सिमेंटची पोती कोरड्या पात्रात पडून राहतात. हिवाळ्यात लावलेली रोपंही उन्हाळ्यात कोण जगवणार? त्यापेक्षा जूनच्या लागवडीसाठी खड्डे खणून ठेवावेत. शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, हे हिवाळी शिबिराला जमणारं काम आहे. साधारण एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यायचा. तळाशी मोठे दगड टाकायचे, त्यावर मध्ये भोकं पाडलेलं मडकं किंवा सिमेंटची छोटी टाकी बसवायची, कडेने विटांचे तुकडे आणि वरच्या बाजूला खडी भरायची. मुरमाड जमिनीत पाच जणांच्या गटाला दोन सकाळी लागतात. यात फक्त न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी सोडायचं. विहिरीजवळ किंवा बोअरजवळ असा खड्डा घेऊ नये. काळ्या चिकट मातीत पाणी मुरत नाही, तिथे हाच खड्डा महिन्याभरात डबकं होतो आणि घरमालक शिव्या घालतो. दहा जणांमागे तीन टिकाव, तीन फावडी आणि चार घमेली पुरतात. याहून जास्त हत्यारं नेली तर गर्दी होऊन कुणाच्या तरी पायावर टिकाव बसतो.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट शिबिरात जमत नाही. माझा कल सीईपीकडे झुकला तो त्याच एका त्रासामुळे.

शिबिराचं छापील वेळापत्रक काढून बघा. पहाटे साडेपाचला उठणं, प्रभातफेरी, योगासनं, न्याहारी, आठ ते साडेअकरा श्रमदान, जेवण, विश्रांती, अडीच ते चार बौद्धिक म्हणजे पाहुण्यांचं व्याख्यान, चार ते साडेपाच गटचर्चा, मग ग्रामसंपर्क, रात्री जेवणानंतर सांस्कृतिक कार्यक्रम. कागदावर रोजचा दीड तास गटचर्चेला आहे. प्रत्यक्षात काय होतं? बौद्धिकाचे पाहुणे तालुक्याहून निघतात, त्यांना यायला सव्वातीन वाजतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सरपंचांचं मनोगत. मुख्य भाषण पन्नास मिनिटांचं. त्यावर अध्यक्षीय समारोप आणि आभार. घड्याळात सव्वापाच. 'गटचर्चा आज रात्री घेऊ' अशी घोषणा होते. रात्री नाटुकली बसवायची असतात, मुलं पेंगत असतात, आणि चर्चा उद्यावर जाते. पहिला दिवस उद्घाटनाचा, सातवा समारोपाचा, मधले पाच असे.

यात दोष एखाद्या व्यक्तीचा नसतो, म्हणून तो सुटतही नाही. शिबिराच्या अहवालात बौद्धिकासाठी विषय, पाहुण्यांचं नाव आणि फोटो लागतो. मुलं आपापसांत काय बोलली याला कुठे रकाना नाही. आणि ज्यांनी दोन पोती तांदूळ दिला, ज्यांच्या शब्दावर पाण्याचा टँकर आला, त्यांना व्यासपीठावर बसवून हार घालणं भागच आहे. मघाचा शिधा तो हाच. गावाचा पाहुणचार आणि पाहुण्यांचा सत्कार एकमेकांत इतके गुंतलेले असतात की नव्या कार्यक्रम अधिकाऱ्याला त्यातून वेळ सोडवून घेणं अवघड जातं.

गटचर्चा बुडाली तर इतकं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. माझ्या मते जवळजवळ सगळंच बिघडतं. सकाळी खड्डा खणताना मुलांनी पाहिलेलं असतं की गावातली माणसं मदतीला आली पण ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं कुणीच आलं नाही. एखाद्या मुलीच्या लक्षात आलेलं असतं की चहा देणारी बाई घरात कुणालाही न विचारता एक वाक्यसुद्धा बोलत नाही. हे डोळ्यांना दिसतं, मनात टोचतं, आणि त्याच दिवशी त्यावर चार जणांत बोलणं झालं नाही तर दुसऱ्या दिवशीच्या धावपळीत विरून जातं. परत आल्यावर अंतर्गत परीक्षा लागलेल्या असतात. मुलांच्या हाती उरतं ते 'खूप मजा आली, ग्रामीण जीवन जवळून अनुभवलं' हे वाक्य. त्यातलं पहिलं अर्धं खरं असतं.

यावर उतारा नाही असं नाही. सात दिवसांत तीनच बौद्धिकं ठेवायची आणि चर्चा दुपारी न घेता श्रमदानाच्या जागीच, हातपाय धुवायच्या आधी, अर्धा तास घ्यायची. प्राचार्य पाठीशी असतील तर हे जमतं आणि शिबिराचा कस एकदम वाढतो. तुमच्याकडे तसं वातावरण असेल तर माझं पुढचं म्हणणं थोडं सैल करून वाचा.

आता सीईपी. त्याच्यातही खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठा रोग सर्वेक्षणाचा. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, शंभर घरं, एक्सेलमध्ये वर्तुळाकृती आलेख, स्पायरल बाइंडिंग, झालं. त्या शंभर घरांनी गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजला आणि त्याआधी कुठल्याशा संस्थेला हीच उत्तरं दिलेली असतात. 'यातून आम्हाला काय मिळणार?' या त्यांच्या प्रश्नाला मुलांकडे उत्तर नसतं, आणि ते नसणं योग्यच आहे, पण त्यावर विचारही होत नाही. दुसरा रोग दाखल्याचा. आपल्याच गल्लीत एक दिवस झाडू मारायचा, फोटो काढायचा, ओळखीच्या नगरसेवकाकडून गोल शिक्क्याचं पत्र घ्यायचं आणि ६० तास दाखवायचे. तिसरी अडचण प्रवासाची, आणि ती कुणी आधी लक्षात घेत नाही. एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढाच चालतो. प्रकल्पाचं गाव त्या मार्गावर नसेल तर दर फेरीला मुलांच्या खिशातून पैसे जातात आणि गरीब घरातली मुलं कारणं सांगून गळू लागतात. म्हणून ठिकाण कॉलेजपासून दहा-बारा किलोमीटरच्या आत, बहुसंख्य मुलांच्या पासाच्या मार्गावर किंवा चालत जाण्याजोगं हवं. माझ्या लेखी हा निकष 'मागास गाव' शोधण्याहून महत्त्वाचा आहे.

या तिन्ही खोटी आखणी बदलून बऱ्याच कमी होतात. शिबिरातली खोट मात्र त्याच्या बांधणीतच आहे. दोन्हींत मला दिसलेला फरक हाच.

साठ तासांची वाटणी मी अशी सुचवीन. तयारीचे आठ तास, प्रत्येकी चार तासांच्या आठ भेटी म्हणजे बत्तीस, प्रत्येक भेटीनंतर दीड तासाची चर्चा म्हणजे बारा, गावापुढे मांडणी चार, आणि लेखनाचे चार. आठ भेटी एकाच ठिकाणी, त्याच माणसांकडे. साठ मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाच जणांचे बारा गट करावेत आणि ते जास्तीत जास्त तीन वस्त्यांमध्ये वाटावेत. चर्चेला मात्र साठ जणांना एकत्र बसवू नका. पंधरा-पंधराच्या चार तुकड्या कराव्या लागतात, आणि इथे तुमच्यावरचा ताण वाढतो. दुसऱ्या विभागातला एक सहकारी जोडीला घ्या, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात दम निघतो.

आठ भेटींचा फायदा चौथ्या भेटीपासून दिसायला लागतो. पहिल्या भेटीत लोक चहा देतात आणि सगळं छान आहे असं सांगतात. दुसऱ्या भेटीत योजनांच्या तक्रारी येतात, कारण मुलं सरकारकडून आली असावीत असा समज असतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो समज गळतो आणि मग माणसं खरं बोलायला लागतात. शिबिरातही हे घडू लागतं, साधारण सहाव्या दिवशी. सातव्या दिवशी समारोप असतो.

दुसऱ्या भेटीत करण्यासारखं एक काम सविस्तर सांगतो, कारण माझ्या पाहण्यात मुलांचे डोळे उघडायला याहून स्वस्त साधन नाही. वस्तीतल्या मोकळ्या जागेत रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा. मुलांनी काढायचा नाही, वस्तीतल्या लोकांनी काढायचा. सामान म्हणजे पांढरी रांगोळी दोन किलो, तीन रंग, वाळलेली पानं, खडे आणि कडधान्याचे दाणे. एकाने रस्ता आखायचा आणि बाजूला व्हायचं. पुरुषांचा आणि बायकांचा नकाशा वेगवेगळा काढला तर फरक डोळ्यांत भरतो. पुरुषांच्या नकाशात ग्रामपंचायत, देऊळ, पानटपरी, दूध डेअरी मोठी येते. बायकांच्या नकाशात पाण्याची टाकी, अंगणवाडी, सरपणाची वाट, संध्याकाळनंतर जिथून जायची भीती वाटते तो कोपरा. मग घरं मांडा म्हटलं की काही घरं मांडलीच जात नाहीत. पालावर राहणारे, गावकुसाबाहेरचे, नव्याने आलेले. 'अजून कुणी राहिलं का?' हा प्रश्न मुलांनी दोनदा विचारायचा आणि गप्प उभं राहायचं. सगळं झाल्यावर उंचावरून फोटो काढायचा आणि जागेवरच वहीत नक्कल उतरवायची, कारण वाऱ्याने रांगोळी उडते आणि मग आठवणीतून काढलेल्या नकाशात चुका होतात.

वेळेचाही एक मोठा फायदा आहे. सम सत्रात, म्हणजे वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये, प्रकल्प घेतला तर २६ जानेवारीची ग्रामसभा आपोआप मध्ये येते. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. मुलांना आधी महिला सभेला आणि मग ग्रामसभेला पाठवा. कोण खुर्चीवर बसलं, कोण जमिनीवर, कोण दारातून ऐकत होतं, किती बायका बोलल्या, महिला सभेतला विषय ग्रामसभेत आला का, एवढंच टिपायचं. राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं पंचायत राजचं प्रकरण यानंतर त्यांना वेगळं वाटतं. रेशनचंही तसंच. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे पस्तीस किलो धान्य, हे पाठ असणारा मुलगा जेव्हा एखाद्या आजीच्या कार्डावर नातवाचं नाव चढलेलंच नाही हे बघतो, तेव्हा त्याला हक्क आणि हक्काची नोंद यातलं अंतर कळतं. अर्ज आपण भरून द्यायचा की आजींच्या मुलाला भरायला मदत करायची, यावरची चर्चा दीड तासाला पुरून उरते.

डायरीबद्दल. प्रत्येक भेटीनंतर चोवीस तासांच्या आत दीडशे ते दोनशे शब्द, स्वतःच्या भाषेत, बोलीत लिहिलं तरी चालेल. फक्त 'अनुभव लिहा' म्हटलं तर सगळे सारखंच लिहितात. टेरी बोर्टन या अमेरिकन शिक्षकाने १९७० मध्ये मांडलेली तीन प्रश्नांची साखळी अजूनही उपयोगी पडते: काय घडलं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय. त्याला मी आणखी दोन प्रश्न जोडायला सांगतो. आज कोण बोललं नाही? आणि तिथल्या माणसाने तुम्हाला कोणता प्रश्न विचारला? दुसऱ्या प्रश्नामुळे मुलं ऐकायला लागतात. पहिल्या डायरीत हमखास 'लोक प्रेमळ आहेत पण स्वच्छतेबाबत जागरूकता नाही' असं काहीतरी असतं. पाचव्या-सहाव्या डायरीत तेच मूल लिहितं की टँकर सकाळी अकराला येतो आणि त्या वेळी बाया मजुरीवर असतात, म्हणून घरी राहिलेली मुलगी शाळा बुडवून पाणी भरते. जागरूकतेचा शब्द गळून पडलेला असतो. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो मला इथे दिसतो, आणि तो मोजायला माझ्याकडे दुसरी पट्टी नाही.

डायरीला गुण देताना मात्र फार सांभाळा. भावनेला गुण दिले की मुलं तुम्हाला आवडेल तीच भावना लिहितात. दोन क्रेडिटचे पन्नास गुण असतील तर मी असे वाटीन: भेटींची हजेरी दहा, डायरी वेळेवर आणि पूर्ण असणं दहा, नकाशा आणि नोंदींची अचूकता दहा, गावापुढची मांडणी दहा, तोंडी परीक्षा दहा. डायरीत काय लिहिलं याला शून्य गुण, पण तुम्ही समासात पेन्सिलने एक प्रश्न लिहून ती परत करायची. एका आठवड्यात साठ डायऱ्यांवर हे जमत नाही. दर आठवड्याला पंधरा घ्या, म्हणजे सेमिस्टरमध्ये प्रत्येकाची दोनदा होते.

चर्चा कशी घ्यायची हे खरं कसब आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते कुणी शिकवलेलं नाही. आपल्याला व्याख्यानाची सवय. गोलात बसा, पहिली पाच मिनिटं सगळे शांतपणे लिहितील, मग एकेकाने पाहिलेली एकच गोष्ट सांगायची, त्या फेरीत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. तुम्ही सगळ्यात शेवटी बोला आणि शक्यतो प्रश्नच विचारा. जातीचा विषय येणारच. वस्ती बाहेर का, पाणवठा वेगळा का, हे दिसल्यावर तो आला नाही तर काहीतरी दडपलं जातंय. अशा वेळी त्या समाजातल्या विद्यार्थ्याकडे वळून 'तू सांग बरं' असं कधीही म्हणू नका. त्याला बोलावंसं वाटलं तर तो बोलेल. कुणी टिंगलीचं वाक्य टाकलं तर ते तिथेच थांबवा, नंतर केबिनमध्ये बोलावून नव्हे, कारण ते ज्यांनी ऐकलं त्यांनी ते थांबवलेलंही ऐकायला हवं. दुसऱ्यांची दुःखं पाहताना एखाद्या मुलीला घरातलं काही आठवतं आणि ती डायरीत लिहून जाते. तिच्याशी एकटीशी बोला, समुपदेशकाची गाठ घालून द्या, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांच्या डायरीच्या पहिल्या पानावर आधीच छापून ठेवा. तो सगळ्यांच्याच डायरीत असला की कुणाकडे बोट जात नाही.

इतकं बोलूनही काही ठिकाणी मी शिबिरच सुचवीन. तुमच्याकडची बहुतेक मुलं रोज एसटीने येऊन तीनच्या गाडीने परत जात असतील, त्यांना एकमेकांचा सहवासच मिळत नसेल, तर सात दिवस एकत्र राहण्याला पर्याय नाही. मुलींचं कॉलेज असेल आणि पालक फक्त एनएसएसच्या नावावर घराबाहेर पाठवायला तयार असतील, तर तीही संधी सोडू नये. आणि तुमच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर हिशेब उलट फिरतो: शिबिरात सात रात्री सलग बाहेर राहावं लागतं, सीईपीत संध्याकाळी घरी येता येतं.

ग्रामीण महाविद्यालयांसाठी एक वेगळा विचार. तिथली मुलं स्वतः गावातून येतात, त्यांना गाव दाखवायला नेण्यात काय हशील? पण त्याच परिसरात अशी माणसं असतात ज्यांच्याकडे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्यात गाळप हंगाम सम सत्राच्या बराचसा जोडीने चालतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड टोळ्या कारखान्याच्या आसपास कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, करून राहतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायकोची जोडी मिळून धरला जाणारा एक कोयता, सोबत आलेली शाळाबाह्य मुलं, हे सगळं कॉलेजच्या वाटेवर असतं. इथे सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही, टोळी पहाटेच फडात गेलेली असते आणि कोपीवर फक्त लहान मुलं आणि म्हातारी माणसं भेटतात. संध्याकाळी साडेपाचनंतर जावं लागतं, मुलींना घेऊन तर गाडीची सोय करूनच. मुकादमाला टाळून थेट मजुरांशी बोलायला गेलात तर तो दुसऱ्या दिवशी त्यांना बोलू देत नाही, म्हणून आधी त्याची भेट घ्या, पण त्याच्यासमोर मजुरांना उचलीचे आकडे विचारू नका. फोटोत लहान मुलांचे चेहरे नकोत.

सीईपी घ्यायचं ठरवलंत तर कामाचा क्रम सांगतो. जूनमध्येच कॉलेजच्या वाटेवरच्या पाच-सहा वस्त्यांची यादी करा. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांशिवाय दोनदा जाऊन या, एकदा कामाच्या वेळी आणि एकदा रविवारी. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), अंगणवाडी सेविका आणि आशाताई, या तिघांना भेटा. सरपंच त्यानंतर. आपण काय देणार नाही ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: पैसे नाहीत, वस्तूंचं वाटप नाही, योजनेत नाव घालण्याचं आश्वासन नाही. महाविद्यालय उन्नत भारत अभियानात, म्हणजे महाविद्यालयांनी गावं दत्तक घेण्याच्या केंद्राच्या योजनेत, असेल तर त्यातलं एखादं गाव घेता येतं, कागदपत्रांचं काम वाचतं, पण तिथे आधी किती सर्वेक्षणं झाली ते विचारून घ्या. विषम (पहिलं) सत्र संपायच्या आत गट पाडून ठेवा. मैत्रीच्या गटांना एकत्र ठेवू नका, प्रत्येक गटात ती बोलीभाषा समजणारं एक तरी मूल हवं. आणि आठव्या भेटीची तारीख पहिल्याच भेटीत वस्तीला सांगून ठेवा. त्या दिवशी नकाशाच्या दोन मोठ्या प्रती न्यायच्या, एक ग्रामपंचायतीत लावायला आणि एक वस्तीतच ठेवायला, आणि त्यात काही चुकलं असेल तर लोकांनी लाल पेनने तिथल्या तिथे दुरुस्त करायचं.